फिरकीने शील्ड सोडलं

चष्म्याच्या दुकानात काउंटरच्या मागे एक अरुंद खोली होती. तिथे बसून ती दिवसभर काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. संध्याकाळी हातावरची पांढरी भुकटी धुऊन आमच्या हॉलमध्ये टेबल टेनिस खेळायला यायची. तिची सर्व्हिस टेबलावर पडली की चेंडू असा काही वळायचा, की समोरचा माणूस बॅटने हवेतल्या माशा मारत बसायचा. म्हणून तिचं नाव पडलं फिरकी. खरं नाव बहुधा तिच्या नवऱ्यालाच आठवत असेल.

हॉलच्या वार्षिक स्पर्धेत बायका-पुरुष एकत्रच खेळायचे, तरी शील्ड वर्षानुवर्षं तिच्याच घरी. मीही तिच्याकडून इतक्यांदा हरलो होतो की त्याचं वाईट वाटणंही बंद झालं होतं. तिचा मोठा भाऊ हॉलचा सेक्रेटरी. त्यानेच लहानपणी तिच्या हातात बॅट दिली होती. टाळ्या तिला पडायच्या आणि छाती त्याची फुगायची.

एके दिवशी ती म्हणाली, "दादा, राजधानीतल्या खुल्या स्पर्धेत नाव दिलंय मी."

दादाचा चेहरा पडला. "कशाला? इथे सगळे तुला मानतात. तिथे कुत्रं विचारणार नाही."

"नको विचारू दे. मी खेळायला चाललेय, विचारपूस करून घ्यायला नाही."

ती गेली आणि पहिल्याच सामन्यात गारद झाली. समोर कॉलेजातली एक मुलगी होती. फिरकीने ठेवणीतली सर्व्हिस टाकली. मुलीने मनगट जरासं फिरवलं आणि चेंडू परत धाडला. फिरकी जागची हललीसुद्धा नाही. आपली सर्व्हिस परत आली तर पुढे काय करायचं, हे शिकायची पाळीच तिच्यावर कधी आली नव्हती. सामना संपल्यावर मुलगी घाम पुसत म्हणाली, "काकू, सर्व्हिस मस्त आहे तुमची. पण चेंडू परत आला की तुम्ही बघतच राहता."

हे सगळं तिने परत आल्यावर स्वतःच आम्हाला सांगितलं. दादा म्हणाला, "झालं ना समाधान? आता निमूटपणे इथे खेळ." नवऱ्याने मात्र घरी एवढंच विचारलं, "परत जाणार?" ती हो म्हणाली. "मग नवे बूट घे. यांचे तळ गेलेत."

दुसऱ्या दिवसापासून तिने ती सर्व्हिस टाकणं बंद केलं. एकदम साधी, सरळ सर्व्हिस. कोणीही परत करावी अशी. चेंडू परत यायचा आणि ती धावायची, चुकायची, जाळीत मारायची. दुकानात जायच्या आधी सकाळीही ती हॉलमध्ये येऊन एकटीच भिंतीवर चेंडू मारायची. मी तिला पहिल्यांदा हरवलं तेव्हा घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं. नंतर तिला कोणीही हरवू लागलं, तेव्हा माझ्या पराक्रमाची किंमतच गेली.

लोक बोलायला लागले. राजधानीत जाऊन होतं नव्हतं ते घालवून आली म्हणे. तिच्या कानावर गेलं तर म्हणाली, "घालवलं नाही. बाजूला ठेवलंय."

वार्षिक स्पर्धा येईपर्यंत परत आलेले चेंडू तिला बऱ्यापैकी जमू लागले होते आणि ती उपांत्य फेरीपर्यंत पोचली. उपांत्य सामन्यात समोर आमचा पोस्टमन. पोट सुटलेला, पण चिवट. गुण बरोबरीत आले तेव्हा दादाला राहवेना. तो कडेवरून म्हणाला, "अगं, एकदाच टाक ती सर्व्हिस."

तिने ऐकलं, त्याच्याकडे पाहिलं आणि साधी सर्व्हिस टाकली. शेवटचा चेंडू तिने बाहेर मारला.

पुढे अंतिम सामनाही पोस्टमननेच जिंकला. शील्ड हातात घेऊन तो असा अवघडून उभा होता, की जणू कोणी आपलं तान्हं मूल त्याला जरा वेळ धरायला दिलंय.

"हातातलं शील्ड सोडलंस," दादा घुश्शात म्हणाला. "सगळ्यांसमोर माझं नाक कापलंस."

"दादा, ती सर्व्हिस टाकली असती तर तो बघत राहिला असता आणि मीही. मला आता बघत राहायचं नाही."

पुढच्या वर्षी ती पुन्हा राजधानीला गेली. आता तिच्याकडे ती सर्व्हिसही होती आणि चेंडू परत आल्यावर काय करायचं याची तयारीही. तिने दोन सामने जिंकले, तिसरा हरली. वर्तमानपत्रात काही आलं नाही. येणारही नव्हतं. दादाने मात्र हॉलच्या दारावर लावायला फलक रंगवायला घेतला, 'आमची विजेती'. तिने त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला.

"विजेती कुठली? दोघींना हरवलं, तिसरीने मला हरवलं. लिहायचंच असेल तर तेवढं लिही."

"असं कोणी फलकावर लिहितं का?"

"मग लिहू नकोस. चल, माझा बॅकहँड अजून कच्चा आहे. चेंडू टाक मला."

दादा काही वेळ पुटपुटत राहिला. मग फलक भिंतीला टेकवून त्याने चेंडूंची टोपली उचलली आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.