मेणाची दाढ

ऑटोक्लेव्हचं झाकण घट्ट करून शर्मिष्ठा तगारे स्टुलावर टेकते. दुपारच्या सुट्टीची वीस मिनिटं उरली आहेत. डोळे आपोआप मिटतात. सांगलीत अकरा वर्षं स्वतःचा दवाखाना चालवलेली ही दंतवैद्य कॅनडात दुसऱ्यांची हत्यारं निर्जंतुक करते. तिची पदवी इथल्या दंतवैद्यक परिषदेला मान्य नाही. अमान्यही नाही, परिषद इतकी उद्धट नाही. तिला फक्त दंतरचना शिकवणाऱ्या अध्यापकांची अर्जावर ताजी सही हवी आहे, शुक्रवारपर्यंत. अन्यथा अर्ज कायमचा निकाली. तो विषय शिकवणारे गणपुले सर तीन वर्षांपूर्वी वारल्याचं तिने कळवलं, मृत्यूचा दाखला जोडला. तो शेऱ्यासह परत आला: संबंधित अध्यापकांकडून साक्षांकित करून घ्यावा.

वाफेचा सुस्कारा लांबत जातो. पाठीमागची भिंत गार पडते आणि ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत कडप्प्याच्या ओट्याशी उभी असते. समोर गणपुले सर.

"तगारे, उशीर."

"सर, तुम्ही गेलात ना?"

"म्हणून प्रॅक्टिकल बुडवायचं?"

ती अर्ज पुढे करते. "एवढी सही हवी होती."

"काम न बघता मी कधी सही केली आहे?"

कधीच नाही. वर्गातल्या प्रत्येकाचं जर्नल त्यांनी एकदा तरी परत पाठवलं होतं. ते हिरव्या मेणाची वडी आणि कोरणी तिच्याकडे सरकवतात. "खालची पहिली दाढ. उजवी."

ती कोरू लागते. ओटा लांबत लांबत परिषदेचं काउंटर होतो. काचेपलीकडची खुर्ची रिकामी आहे. फलकावरचे नंबर मात्र शिस्तीत पुढे सरकत आहेत.

"ही दाढ बघायला कोण येणार?" सर विचारतात.

"कुणी नाही. ते कागद बघतात."

"मग तुला काम येतं हे त्यांना कळतं कसं?"

"कळून घ्यायचं नसावं, सर."

सर हसत नाहीत. दाढ उजेडात धरून तिचे पाचही उंचवटे अंगठ्याने चाचपतात. "मागचा जरा बोथट आहे. बाकी बरी."

'बरी'पेक्षा मोठा शब्द त्यांनी कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही. या देशात आल्यापासून तिचं काम पाहणारा हा पहिलाच माणूस.

"मग सही कराल?"

"मेलेल्या माणसाची सही खोटी, तगारे. ते मला जमायचं नाही." ते दाढ तिच्या तळव्यावर ठेवून तिची बोटं मिटतात. त्यांचा हात उबदार आहे. "तिथे तुझं म्हणावं असं कोण आहे?"

"कुणीच नाही."

"हं," सर म्हणतात, आणि तिच्याबरोबर निघायचं असल्यासारखी कोटाची बटणं लावू लागतात.

ऑटोक्लेव्हची शिट्टी होते. मूठ रिकामी आहे. शर्मिष्ठा पिशवीतून अर्ज काढते आणि अध्यापकांच्या सहीच्या चौकोनात स्वच्छ इंग्रजीत लिहिते: सही करणारे हयात नाहीत. माझे हात आहेत, ते तपासावेत.

कागदावरून अंगठा उचलताना ती थबकते. या दवाखान्यात मेण कुणी वापरत नाही. तिच्या नखाखाली मात्र हिरवी कपची अडकली आहे, अजून मऊ.