तारोडीच्या तळ्याचा पाइप

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये माणसं सात आणि खुर्च्या पाच होत्या. दोघांना कायम उभं राहावं लागायचं, आणि उभा माणूस जरा जास्तच बोलतो. त्यामुळे चार वर्षांत इतके किस्से साठले की आजही आम्ही जुने शिक्षक मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात कुणाकडे जमलो की चहा गार होतो. त्यातले निम्मे किस्से एका पाइपाचे. सुरुवातीला आम्ही सगळेच हसतो. शेवटी मात्र कुणीच हसत नसतं.

दोन हजार दोन साली मी गिरगावातून मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात राहायला आले आणि तारोडीच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. शाळा तळ्याच्या अगदी काठावर. समोरच्या बाजूला मातीचा बांध, बांधापलीकडे उतारावर एकच घर, आणि मग समुद्र. पावसाळ्यात तळं भरलं की पाणी थेट आमच्या वर्गात!

पहिल्याच जुलैत मी सातवीला व्याकरण शिकवत होते. बाकाखालून साप निघाला. मुलं बाकांवर, मी टेबलावर. मुख्याध्यापक डिमेलो सर धावत आले, चष्मा पुसून वाकून बघितलं आणि म्हणाले, "घाबरू नका, पाणसाप आहे. बिनविषारी."

मागच्या बाकावरून अँथनी म्हणाला, "सर, त्याला म्हाईत हाय का?"

*

त्याच महिन्यात पहिलीतली रोझी मधल्या सुट्टीत तळ्याकडच्या पायरीवरून घसरली. पायरी पाण्याखाली होती, पोरीला दिसलीच नाही. आमचा शिपाई बस्त्याव कपड्यांसकट आत गेला आणि वेणी धरून तिला वर काढलं. वाचली.

पण ती परत शाळेत आली नाही. आई दोनदा तिला कडेवर घेऊन फाटकापर्यंत आली. तळं दिसलं की पोर किंचाळायची. दुसऱ्या वेळी आईच म्हणाली, "ऱ्हाऊ दे, टीचर." आणि वळली. मी हजेरीपटातून तिचं नाव कापलं तेव्हा शाई फुटली होती, एवढं आठवतं.

*

डिमेलो सरांनी अर्जांवर अर्ज केले. शेवटी एक साहेब पाहणीला आले, ते मे महिन्यात! तळं निम्म्यावर आलेलं. कोरड्या ठणठणीत पायरीवर उभं राहून साहेबांनी विचारलं, "पाणी कुठाय?"

बस्त्याव म्हणाला, "ते जूनला येते, सायब. तुमी पन तवाच या."

साहेब वहीत काहीतरी लिहून निघून गेले. मग बस्त्यावच म्हणाला, "मी करतो." शिपाई होण्याआधी तो बोटीवर फिटर होता. उरलेला मे महिना आमची सायन्स लॅब म्हणजे त्याचं वर्कशॉप. जाड पीव्हीसी पाइपाचे तुकडे जोडून त्याने बांधातून आरपार घातले. तळ्याकडच्या तोंडाला फिरता एल्बो, म्हणजे कोपरासारखा वाकलेला जोड, बसवला. एल्बो खाली वळवला की तळं खाली जाईल, वर वळवला की पाणी तेवढं साठून राहील. पालापाचोळा आणि पिशव्या आत जाऊ नयेत म्हणून तोंडाभोवती भोकं पाडलेला निळा ड्रम.

पावसात पाइप चालू झाला आणि त्या वर्षी पहिल्यांदा पायरी दिसत राहिली. डिमेलो सरांनी पेढे वाटले. चौथ्या दिवशी पाणी पुन्हा वर्गात!

*

ड्रम स्वच्छ. एल्बो स्वच्छ. बस्त्याव बांधापलीकडे गेला, पाइपाच्या बाहेरच्या तोंडात गज घातला आणि ओढून ओढून एक अख्खं लुगडं बाहेर काढलं.

डिमेलो सर म्हणाले, "तळ्यातून वाहत आलं असेल."

"ड्रमाच्या भोकातून? सर, मासा लुगडा नेसत न्हाय."

पुढच्या आठवड्यात एक शर्ट निघाला. मग पँट. दोन्ही पुरुषाचे, दोन्ही धुतलेले. स्टाफरूममध्ये पैजा लागल्या, पुढे काय निघणार! पुढे निघाला काळा कोट, लग्नातला. पाण्यात भिजूनही त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्या दिवशी पैज जिंकलेल्या माणसाने पैसे घेतले नाहीत.

*

उतारावरच्या त्या एकट्या घरात फिलूबाय राहायची. साठीची, एकटी. गावातल्या कुणाशी बोलायची नाही म्हणून मला पाठवलं. मी बाहेरची.

मी कोट वाळवून घेऊन गेले. तिने तो घेतला, खुंटीला लावला आणि मला अंगणातल्या विहिरीपाशी नेलं.

"तला उतरला का माजी बाव खारी होते," ती म्हणाली. "समिंदराचा पानी शिरते."

मी रोझीचं सांगितलं. सापाचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ही बाव माज्या घोवान खनली. तो होडीन गेला, आला न्हाय. सगल्यांच्या कबरी हायत, त्याची न्हाय. मना ही बावच हाय."

त्यावर मी "नळ घ्या ना!" असं काहीतरी बोलले. आजही आठवलं की लाज वाटते.

शेवटी बस्त्यावने तोड काढली. पावसाळाभर एल्बो खाली, पाऊस सरता सरता वर. पायरी कोरडी, विहीर गोड. फिलूबाय म्हणाली, "बघू." त्यानंतर पाइपात कपडा निघाला नाही.

*

आता माझा किस्सा. हा इतर कुणी सांगत नाही, मीच सांगते.

पुढच्या वर्षी पाऊस संपत आला तेव्हा बस्त्यावला कावीळ झाली. मी हॉस्पिटलात भेटायला गेले तर पिवळ्या डोळ्यांनी म्हणाला, "टीचर, एल्बो तेवढा वर करा."

"करते."

परीक्षा होत्या, पेपर होते, मग दिवाळीची सुट्टी लागली. घरी किचनच्या फरशा बदलत होतो. तीन आठवडे मला एल्बो आठवला नाही.

शाळा उघडली तेव्हा तळ्यात चिखल होता आणि चिखलावर मासे मरून पडले होते. मी तशीच फिलूबायकडे गेले. वाटलं, ओरडेल, हाकलून देईल. तिने विहिरीतून पाणी काढलं, ग्लास भरला आणि माझ्या हातात दिला.

"पी."

मी प्यायले. सगळं. मिठासारखं खारट.

ग्लास परत घेत ती म्हणाली, "आता तुला म्हाईत झाला."

*

आणि मग दोन हजार पाचचा जुलै.

त्या दुपारी मुलांना न्यायला कुणी येऊ शकलं नाही. मोबाइल बंद, रस्ता बंद. साठेक मुलं बाकांवर उभी, पाणी बाकांना लागलेलं. पाइप तोंड भरून ओतत होता, पण वरून येणाऱ्या पाण्यापुढे त्याचं काय चालणार? डिमेलो सर मोठ्याने प्रार्थना म्हणत होते. बस्त्याव कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लहान मुलांना टेबलांवर चढवत होता.

तेवढ्यात कुणीतरी बांधाकडे बोट दाखवलं. फिलूबाय भर पावसात कुदळीने बांध फोडत होती.

बस्त्याव ओरडला, "फिलूबाय, नको! खाली तुजा घर हाय!"

तिने वर बघितलं नाही. घाव घालत राहिली आणि एकदम मागे सरली. बांध गेला. पाइप, एल्बो, ड्रम, सगळं घेऊन पाणी तिच्या अंगणात उतरलं. भिंत पडताना आम्ही खिडकीतून बघितली. विहीर कुठे होती तेही कळेना.

अर्ध्या तासात आमच्या वर्गातली जमीन दिसायला लागली.

संध्याकाळी ती काठाकाठाने शाळेत आली. आम्ही तिला स्टेजचा पडदा गुंडाळला, मुलांमध्ये बसवलं. दुसरीतली सँड्रा बराच वेळ तिच्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, "आजी, तुज्या घरान पानी शिरला?"

फिलूबाय केस पिळत म्हणाली, "शिरू दे. माज्या घरान भिजाला कोन हाय?"