ओलांडलेली काठी

मलेशियातल्या तेमेर्लोहमध्ये जेलानीला सगळे पाक लांग, म्हणजे लांग काका, म्हणतात, आणि त्याची पाठ वळली की ‘वीतभर वाढवणारा’ म्हणतात. त्याचा धंदा मोटारसायकली दुरुस्त करण्याचा. गाडीच्या बाबतीत तो खोटं बोलत नाही, पैशाच्या बाबतीत नाही, आणि बायकोसमोर तर तोंड उघडायचीच पंचाईत, तिथे खोटं कुठून बोलणार! पण मासा म्हटलं की गडी सुटलाच. पाहांग नदीत सापडलेला वीतभर मासा दुकानापर्यंत येता येता हातभर व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याला उचलायला दोन माणसं लागायची. गावातले सगळेच मासे असे फुगतात, पण जेलानीच्या माशांना जरा जास्तच चांगलं खाणं मिळत असावं.

हे सगळं तीन वर्षांपूर्वीचं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या दोस्ताने, साहाकने, त्याची गळाची काठी ओलांडली आणि सगळं बोंबललं.

गळाची काठी जमिनीवर आडवी असताना कुणी ओलांडली की ती काठी मेली. हे तिकडे शाळेत शिकवत नाहीत, पण शाळेत शिकवलेलं सगळं विसरलेल्या माणसालाही हे ठाऊक असतं. त्यावर उतारा एकच. ज्याने ओलांडली त्यानेच, तीच काठी, उलट्या बाजूने परत ओलांडायची.

झालं होतं असं की दोघे बालमित्र तोमान धरायला बेरा तळ्यावर गेले होते. तोमान म्हणजे मरळीच्याच जातीचा, पण आपल्या मरळीने ज्याला वाकून नमस्कार करावा असा दांडगा मासा. साहाकने आदल्या रात्री मिरचीचं सांबाल ओरपलेलं. भर सकाळी पोटात कळ आली आणि तो कमरेचा सारोंग सावरत झुडपाकडे धावला. जेलानीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आधी उजवा पाय, मग डावा, मधे काठी.

“मी वळसा घालून गेलो,” साहाक म्हणाला.

“पोटात कळ आलेला माणूस वळसा घालतो होय रे?”

एवढ्यावर दोघांचं बोलणं बंद झालं. आणि खरंच, त्या दिवसापासून जेलानीच्या गळाला काही लागेना. त्याआधी तरी असं काय लागत होतं, असं त्याची बायको कल्सोम विचारते, पण तिच्या प्रश्नांना उत्तर द्यायची त्या घरात पद्धत नाही.

बोलणं बंद म्हणजे तरी काय! रोज सकाळी दोघे काक नाबच्या टपरीवर कोपी, म्हणजे कॉफी, प्यायला यायचेच. एक या टेबलावर, दुसरा त्या टेबलावर, आणि मधे कप विसळणारी नाब.

“नाब, त्याला सांग, काल परत कुंपाउ. दिवसभर उन्हात तळून निघालो, रिकाम्या हाताने घरी आलो. कुणाच्या पायांमुळे ते त्याला विचार.”

“नाब, त्याला सांग, माशांना डोळे असतात. त्याचं थोबाड बघून ते कशाला जवळ येतील?”

“सांगू काय पाक लांग? ऐकलंय त्यांनी. बहिरे नाहीत ते,” नाब म्हणायची. “दोघांनी मिळून मला पगार तरी द्या, नाहीतर एका टेबलावर बसा. मला एक फडका कमी मारावा लागेल.”

एका टेबलावर कुणी बसलं नाही. पण एखाद्या दिवशी साहाक उशिरा आला, तर जेलानी कोपी थंड करून प्यायचा. शिव्या घालायला समोर माणूस नको?

मग यंदा एके सकाळी साहाक उठून गेल्यावर नाबने बातमी दिली. साहाकला सगळे पाक सू म्हणतात. “पाक सू जोहोरला चाललेत. मुलीकडे, कायमचे. गुडघे गेलेत ना त्यांचे. मुलगी म्हणते, एकटं राहायचं नाही. क्वालालंपूरचं गळाचं प्रदर्शन तेवढं बघतील आणि निघतील.”

जेलानीला ठसका लागला. साहाक गेला म्हणजे पाय गेले, आणि पाय गेले म्हणजे काठी जन्माची मेली. पुढचं सगळं आयुष्य रिकाम्या पिशवीने घरी यायचं, ही कल्पनाच त्याला सोसेना.

“जाऊन सरळ सांगा त्याला, बाबा रे, उलटा ओलांड म्हणून,” कल्सोम म्हणाली.

“मी सांगू? आधी त्याने कबूल करावं!”

“मग बसा दोघे बोंबलत,” म्हणून ती कांदे चिरायला गेली.

बोलायचं नाही आणि ओलांडून तर घ्यायचं. जेलानीने रात्रभर डोकं लढवलं आणि सकाळी त्याच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं की कल्सोमला काळजी वाटली. तो ती जुनी काठी चटईत गुंडाळत होता.

दरवर्षी गावातली गळवाली टोळी भाड्याची व्हॅन करून प्रदर्शनाला जाते. यंदाही गेली. साहाक पुढे ड्रायव्हरशेजारी, जेलानी सगळ्यात मागे, मांडीवर चटई. हॉलच्या दारावरच्या पोऱ्याने त्याला अडवलं.

“पाक चिक, लोक इथून काठ्या घेऊन जातात. तुम्ही घेऊन आलात?”

“हिला हिच्या नव्या बहिणी दाखवायच्यात,” जेलानी म्हणाला आणि आत घुसला.

आत जत्रा होती. घरात स्वतःचं ताट न उचलणारे पुरुष गळाला लावायच्या चार इंची प्लास्टिकच्या बेडकासाठी तासभर रांगेत उभे होते. बाजारात वांगी घेताना दोन पैशांसाठी हुज्जत घालणारे इथे दोरीच्या एका रिळापुढे मान तुकवून बसले होते. जो तो काठी हातात घेऊन छताकडे झटके देत होता, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असा भाव की वरच्या पंख्यातून आता मासा पडणार. एकजण फोनवर बायकोला सांगत होता, “कुठे? मशिदीत आहे,” आणि मागे कर्ण्यावरून सोडत जाहीर होत होती. नकली मासे तर इतके सुंदर की माशांपेक्षा माणसंच जास्त गळाला लागत होती. जेलानीचाही हात दोनदा खिशाकडे गेला. पण आज त्याला मासा वेगळाच धरायचा होता.

साहाक कुठे जाणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हॉलच्या मध्यभागी काचेचा लांब हौद असतो, त्यात विक्रेते नकली मासे पोहवून दाखवतात. साहाक दरवर्षी तिथे नाक काचेला लावून उभा राहतो आणि मग शेजारच्या चिंचोळ्या वाटेने जेवायला जातो. जेलानी त्या वाटेच्या कडेला, हसऱ्या कोळ्याच्या पुठ्ठ्याच्या पुतळ्यामागे दबा धरून बसला. साहाक हौदापासून वळलेला दिसताच त्याने चटई सोडली आणि काठी वाटेत आडवी सरकवली. मूठ उजवीकडे, टोक डावीकडे, अगदी त्या दिवशीसारखी. साहाक फक्त उलट्या बाजूने येत होता. तो बोलत बोलत, वर बघत येणार, पाय टाकणार, आणि काम फत्ते.

एवढी अक्कल लढवली, पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. हा हॉल गळवाल्यांनी भरलेला होता.

साहाकच्या पुढे एक तरुण होता. त्याने काठी पाहिली आणि जागच्या जागी थांबला. मागचा त्याच्यावर आपटला. समोरून येणारे दोघे काठीच्या अलीकडे थांबले, त्यांच्यामागे आणखी चार. कुणी ओलांडेना. दुसऱ्याची काठी न विचारता उचलायची तरी कशी, म्हणून कुणी हात लावेना. बघता बघता दोन्ही बाजूंना माणसं तुंबली.

“कुणाची रे काठी?”

“अरे उचला लवकर, मला लघवीला जायचंय!”

“मग जा की.”

“वरून जाऊ? वेडा की काय! परवा रोंपिनला मासे धरायला चाललोय मी.”

कर्ण्यावरची सोडत थांबली. “वाटेत काठी टाकणाऱ्या गृहस्थांनी ती ताबडतोब उचलावी,” असं जाहीर झालं. हॉलचा व्यवस्थापक टाय सावरत आला. आता हा सुशिक्षित माणूस वाट मोकळी करणार म्हणून सगळे सरकले. त्याने काठीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. “माझा मेहुणा गळ टाकतो,” असं पुटपुटून तोही रांगेत उभा राहिला.

तेवढ्यात त्या बाजूच्या गर्दीतून साहाक पुढे आला. त्याने मुठीवर गुंडाळलेली लाल सायकलची ट्यूब ओळखली. ती त्यानेच गुंडाळून दिली होती.

“बाहेर ये रे, लांग,” तो पुतळ्याकडे बघून म्हणाला. “पुठ्ठ्याला चार पाय कधीपासून फुटले?”

तीन वर्षांत पहिल्यांदाच तो नाबला मधे न घालता बोलला होता. जेलानी बाहेर आला. आता दोनेकशे माणसांसमोर काय लपवणार? त्याने सगळं सांगितलं, तळं, सांबाल, झुडूप, तीन वर्षं. गर्दीला कोण आनंद झाला! प्रदर्शनात यापेक्षा चांगलं काही बघायला मिळालं नव्हतं.

“टाका की पाय, पाक सू! म्हाताऱ्याची तीन वर्षं गेली!”

“थांबा, मूठ कुठल्या हाताला होती?”

“तेव्हा तोंड कुठे होतं, पूर्वेला की पश्चिमेला?”

“पोट बिघडलेल्याला पूर्व-पश्चिम असते होय?”

एकाने फोनवर दिशा काढून दाखवली. दुसऱ्याचं म्हणणं पडलं की ओलांडताना पोट बिघडलेलं होतं, तर उलट ओलांडतानाही बिघडलेलं हवं. त्याला सगळ्यांनी गप्प बसवलं.

साहाकने हात वर केला. “हो, ओलांडली होती मी. वळसा घातला असता तर सारोंग धुवायला लागला असता. कबूल. झालं समाधान?”

जेलानीला वाटलं होतं की हे शब्द कानावर पडले की छाती हलकी होईल. झाली नाही.

साहाकने शेजारच्या दुकानाचा खांब धरला आणि पाय उचलला. गुडघा अडकला. त्याने दात आवळले, पाय जरासा वर आला आणि तिथेच लटपटू लागला. “बघ बाबा,” तो धापा टाकत म्हणाला, “हे एकदा झालं की आपलं मिटलं. मागे काही ठेवून जायला नको.”

मिटलं! जेलानीच्या डोळ्यांसमोर नाबची टपरी आली. या टेबलावर तो, त्या टेबलावर कुणी नाही, आणि नाब कप विसळतेय. तीन वर्षं तो माशांसाठी रडत होता असं त्याला वाटत होतं. पण मासा न लागलेल्या दिवशी तो कोपीच्या टपरीकडे कसा तरातरा जायचा, कधी एकदा साहाकच्या नावाने शंख करतोय असं व्हायचं, हे त्याला आत्ता आठवलं.

साहाकचा पाय काठीवर येणार तोच जेलानी वाकला आणि त्याने काठी खसकन ओढून घेतली. गर्दी हळहळली.

“अरे, काय झालं आता?” साहाक ओरडला. “एवढा पाय वर केला होता!”

“नको ओलांडूस.”

“का?”

“ओलांडलीस आणि उद्या तू गेलास, तर रोज सकाळी मी कुणाच्या नावाने खडे फोडू?” जेलानीने काठी छातीशी धरली. “नाबच्या?”

साहाकने पाय खाली ठेवला. खांबावरचा हात मात्र तसाच राहिला.

“माझ्याच नावाने फोड,” तो नाक ओढत म्हणाला. “फोन आहे की. पण शिव्या जरा मोठ्याने घाल. तिकडे मला कमी ऐकू येतं.”

मग वाट मोकळी झाली आणि माणसं आपापल्या बेडकांकडे गेली. दोघांनी एकाच ताटात कोंबडी-भात खाल्ला. निघताना साहाकने उरल्यासुरल्या मालाच्या टोपलीतून एक गुलाबी बेडूक उचलून जेलानीच्या खिशात कोंबला. पिवळे ठिपके, तिरळे डोळे, असा कुरूप बेडूक साऱ्या प्रदर्शनात दुसरा नव्हता. “हा लाव. यालाही काही लागणार नाही, याची मी हमी देतो.”

साहाक जोहोरला गेला. आता रोज सकाळी टपरीवर जेलानी साखरेच्या बरणीला फोन टेकवून बसतो. सवय इतकी मुरलेली की फोनसमोर बसूनही त्याच्या तोंडून आधी निघतं, “नाब, त्याला सांग...”

पावसाळा सरल्यावर एकदा तो एकटाच बेराला गेला. तीच काठी, तोच तिरळा बेडूक. दोनदा टाकला, काही नाही. तिसऱ्यांदा पाणी फुटलं, काठी धनुष्यासारखी वाकली आणि जेलानी होडीत गुडघ्यांवर आला. घरी आणलेल्या तोमानचं शेपूट मोठ्या परातीतही मावेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या माशाला एक वीतसुद्धा वाढवायची गरज नव्हती. कल्सोम सुरी घेऊन नुसती बघत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला.

“काय रे लांग, बेराला गेला होतास म्हणे. लागलं का काही?”

जेलानीने परातीकडे पाहिलं. मग कल्सोमकडे.

“कसलं काय!” तो खच्चून ओरडला. “बोटाएवढासुद्धा नाही! जळोत तुझे ते पाय!”

पलीकडे साहाक खोकला येईपर्यंत हसला. “बोललो होतो ना तुला,” तो म्हणाला, आणि मग बराच वेळ तो आपल्या गुडघ्यांबद्दल, जावयाबद्दल आणि जोहोरच्या पांचट कोपीबद्दल बोलत बसला.

कल्सोमने उठून स्वयंपाकघराची रस्त्याकडची खिडकी लावून घेतली, आणि मग मासा कापायला बसली.