मधला श्वास

आमच्या हॅमिल्टनच्या बिल्डिंगमधला तो ब्राझीलचा म्हातारा लिफ्टचं बटण कोपराने दाबायचा. उजव्या हाताची नखं लांब वाढवलेली, डाव्याची मुळापर्यंत कापलेली. मला चक्रमच वाटायचा. बायको म्हणाली, "अरे, गिटार वाजवतात ते. गाणी कंपोज पण करतात."

मग एकदा चर्चमधल्या कॉन्सर्टला ऑपेरा गाणाऱ्या एका बाईंनी त्याचं गाणं म्हटलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि हा खाली मान घालून बसलेला.

पार्किंगमध्ये तो डाव्या हाताने गाडीवरचा स्नो झाडत होता. मी म्हटलं, "काय ब्युटिफुल झालं!"

"फारच," तो म्हणाला. "आईसाठी केलं होतं. मासे साफ करता करता ती हे म्हणायची, मध्येच तिला दम लागायचा. या बाई तिथे थांबल्याच नाहीत."

म्हणजे आवडलं की नाही?

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तो तेच गुणगुणत होता. मध्येच थांबला. विसरला असेल, म्हणून मी पुढचं गुणगुणायला लागलो. त्याने लांब नखाचं बोट वर केलं.

"थांबा. तिला श्वास घेऊ द्या."

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. माझा मजला आला, दार उघडलं. उतरावं की नाही, मला कळेना.