दुसऱ्या बेडरूममधला पाळणा

मैत्रिणींनो, आज कामावरून आल्यापासून मन खातंय, म्हणून इथंच सांगते.

मी नंदनवनमधल्या एका स्कीमचे फ्लॅट विकते. आमच्या सॅम्पल फ्लॅटच्या दुसऱ्या बेडरूममध्ये मुद्दाम पाळणा ठेवलाय. नवीन जोडपी तिथं थबकतात आणि मोठा फ्लॅट घेतात.

दोन वर्षांपूर्वी एक जोडपं आलं होतं. आधी घर की आधी लेकरू, यातच अडकलेलं. मीच म्हटलं होतं, "पहिले घर पाहा. भाव थांबत नाही, लेकरू काय नंतरही होते." तेव्हा त्यांना घर घेणं जमलं नाही.

आज ते परत आले. भाव तर कुठल्या कुठे गेलेत. पाळण्याकडे न बघताच ती म्हणाली, "ताई, एकाच बेडरूमचा दाखवा."

मी सवयीनं बोलून गेले, "लेकरू झाल्यावर लहान पडन ना!"

"लेकराचा विचारच सोडला ताई. म्हणून तर घर घेता येऊन राहिलं."

नवरा खिडकीबाहेर पाहत राहिला.

बुकिंग झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. ते जोडपं गेल्यावर मी पाळणा उचलून स्टोअररूममध्ये नेऊन ठेवला.

उद्या सकाळी दहाला दुसरं जोडपं येणार आहे. नवीनच लग्न झालंय त्यांचं.

सांगा ना, पाळणा परत ठेवू का?