तपकिरीच्या डबीतल्या गोळ्या

माझ्या थोरल्या नणंदेकडे एक कॅलेंडर होतं आणि त्यात आमच्या घरातल्या सगळ्या बायकांच्या पाळीच्या तारखा होत्या. त्या नांदायच्या दौंडकडे राहू गावाला, आम्ही शिरूरकडे निमोण्याला. पण माहेरच्या देवाला विटाळ होऊ नये ही जबाबदारी त्यांनी आपण होऊन घेतली होती. जावेची फुली, माझं टिंब, चुलत सासूबाईंचा गोल. चुलत सासूबाईंची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, पण वन्सं त्यांनाही दर महिन्याला विचारायच्या. खात्री करून घेतलेली बरी.

चैत्रात बिरोबाची जत्रा. नैवेद्याच्या दिवशी जिची तारीख येणार, तिला वन्सं आठ दिवस आधी गाठायच्या आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू करायच्या. पांढरी खायची, चॉकलेटी फेकायची, जत्रा झाली की बंद. मूल नको म्हणून ती गोळी खाणारी बाई आमच्या गावात शोधून सापडली नसती. देवासाठी मात्र सगळ्या खायच्या. पाकिटावर हसरं जोडपं असायचं. ते बापाच्या नजरेला पडू नये म्हणून वन्सं गोळ्या सोडवून आबांच्या जुन्या तपकिरीच्या डबीत भरायच्या. आबा म्हणजे माझे सासरे. तपकीर त्यांनी कधीच सोडली होती.

आदल्या वर्षी माझ्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं आणि पुढं पाच वर्षं रोज एक गोळी लागली. त्या वर्षी जत्रेला मी हॉस्पिटलात होते, नैवेद्य जावेनं नेला. निम्म्या गावानं तर मला मनातल्या मनात पोचवून टाकलं होतं. म्हणून ह्या वर्षी डोक्यावर नैवेद्याची दुरडी घेऊन वेशीपासून देवळापर्यंत मलाच चालायचं होतं. मी आहे, हे बघू दे सगळ्यांना. एवढी हौस मला लग्नातही नव्हती.

अडचण अशी, की त्या कॅन्सरच्या गोळीनं माझी पाळी लहरी झाली होती. कधी दोन महिने पत्ता नाही, कधी पंधरा दिवसांत दारात हजर. वन्संच्या कॅलेंडरात माझी टिंबं कुठंही पडायला लागली. जत्रेला आठ दिवस असताना त्या एसटीतून उतरल्या, काखेत कॅलेंडरची गुंडाळी आणि कमरेला डबी.

"आजपासनं रोज एक खायची," त्या म्हणाल्या.

"वन्सं, मला न्हाई चालत ती. हार्मोनची कसलीच गोळी घ्यायची न्हाई, असं पुण्याच्या डॉक्टरनी बजावलंय."

"हार्मोनची कुठं हाय? सरकारी हाय."

"पर डॉक्टर म्हणाले..."

"त्या डॉक्टरला काय म्हाईत आपली जत्रा? कॅन्सरची गोळी पचती तुला, आन् ही मुगाएवढी बाधंल व्हय? न्हाई खायची तर ऱ्हाऊ दे. दुरडी तुझी थोरली जाऊ नेईल."

डबी माझ्यापुढं ठेवून त्या जावेची तारीख विचारायला गेल्या. मला इतका राग आला की भाकरी थापताना दोन फाटल्या. मग रडू आलं. आणि खरं सांगते, डबी उघडून एक गोळी मी तळहातावर घेतलीसुद्धा. एवढीशीच तर होती. बराच वेळ बघितलं तिच्याकडं, मग परत टाकली आणि डबी हाताला लागेल त्या कोनाड्यात ठेवून दिली. त्या कोनाड्यात आबांच्या बीपीच्या गोळ्या असायच्या.

दुसऱ्या दिवशी वन्संनी डबी मोजली. दोन कमी. त्यांचा चेहरा उजळला.

"खाल्ल्यास न्हवं? शानी हायस."

"मी न्हाई खाल्ली."

"त्या मी घेतल्या," आबा ओसरीवरून म्हणाले. "लेकीनं माझ्याच डबीत भरून ठेवल्या, बरं केलं. काल राहिली व्हती म्हणून आज दोन घेतल्या. हलकं वाटतंय."

आम्ही दोघी एसटीडी बूथकडं पळत सुटलो. शिरूरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. वन्संनी रिसिव्हर माझ्या हातात कोंबला आणि पदर तोंडाला लावला. मागं नंबर लावून तिघं बाप्ये उभे. मी जमेल तितक्या हळू म्हणाले, "डॉक्टर, आमच्या सासऱ्यांनी पाळी लांबवायच्या दोन गोळ्या खाल्ल्या." मागचं बोलणं एकदम थांबलं.

"वय किती त्यांचं?"

"शहात्तर."

"मग जत्रेपर्यंत काळजी नाही," डॉक्टर म्हणाले आणि पोटभर हसले. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, गोळ्या मुळात कोणासाठी आणल्या होत्या. मी सांगितलं. त्यांचं हसू थांबलं. "नणंदेला द्या फोन," ते म्हणाले.

डॉक्टरांचा आवाज मुळातच मोठा, त्यामुळे बूथमधल्या सगळ्यांनी ऐकलं. "बाई, तुमच्या भावजयीचा आजार हार्मोनवर जगतो. आमची गोळी त्याला उपाशी मारतीय, आणि तुम्ही मागच्या दारानं त्याला ताट वाढताय. आजार परत आला तर काय कराल?" वन्सं सहा वेळा "व्हय" म्हणाल्या. शेवटचा "व्हय" ऐकूच आला नाही.

 घरी आल्या आल्या त्यांनी डबी चुलीत रिकामी केली. "मी तुला मारायला निगाले व्हते गं," म्हणाल्या आणि तिथंच चुलीपुढं बसून रडल्या. आबांना मात्र बीपीची गोळी कुठली हे दाखवायला त्या विसरल्या नाहीत.

नैवेद्याच्या दिवशी पहाटे नेमकी माझी पाळी आली. मी परसात गेले आणि वन्संना हळूच सांगितलं. दुरडी मागच्या दारातच भरून ठेवलेली होती. मला वाटलं, आता जावेला हाक मारतील.

त्या आत गेल्या, कॅलेंडर घेऊन आल्या. बोट कुंकवात बुडवून त्यांनी माझं टिंब दहा दिवस मागं काढलं आणि मला दाखवलं.

"तुझी तर मागंच झाली की. ही बघ."

मग त्यांनी दुरडी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली आणि स्वतः पुढं चालू लागल्या. ओसरीवरून आबांनी विचारलं, "समदं येवस्थित हाय न्हवं?"

"समदं येवस्थित हाय," वन्सं मागं न बघता म्हणाल्या. "कॅलेंडरात लिवलंय."