तेलाशिवाय फिरणारा सांधा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी एक यांत्रिक हात केला. दोन सांध्यांचा, टोकाला चिमटा असलेला. १९९८ साल होतं. कॉलेज औरंगाबादला, घर जालन्यात. रोज रेल्वेने ये-जा. हाताचे सुटे भाग मी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडून करून घेतले. ते मूळचे धावडा गावचे, पन्नाशीचे, रोलिंग मिलची कामं करणारे. एक मुलगी लेथपाशी उभी राहून मापं सांगते हे त्यांना पहिले दोन दिवस अवघड वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मायक्रोमीटर माझ्या हातात दिला आणि स्वतःचं काम मलाच तपासायला लावलं.

प्रकल्पाला मी 'अंतराळयानासाठी यांत्रिक हात' असं नाव दिलं होतं. अंतराळाविषयी मला जे ठाऊक होतं ते रविवारच्या पुरवण्यांमधलं. नाव भारदस्त वाटलं म्हणून ठेवलं, एवढंच.

फेब्रुवारीत पुण्याला विद्यार्थ्यांचं एक प्रदर्शन होतं. माझा हात टेबलावरची डबी उचलून शेजारी ठेवत होता आणि बघणारे खूश होत होते. परीक्षकांमध्ये निवृत्तीला आलेले एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी डबीकडे पाहिलंच नाही. सांध्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं तेल मला दाखवलं.

"हे वर काय करील?"

"वर म्हणजे?"

"जिथे हवा नाही तिथे."

मी वाकून सांध्याकडे पाहिलं. त्यांनीच सांगितलं, "तेल हळूहळू उडून जातं आणि कॅमेऱ्याच्या काचेवर जाऊन बसतं. सांधाही गेला आणि डोळाही गेला." मला आपला पत्ता लिहून दिला आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले.

परत आल्यावर मी मिस्त्रींना हे सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"तेल बिलकुल न्हाई टाकायचं? मंग पिन बुशीत धरून बसंल की." मग पिन हातात फिरवून म्हणाले, "ग्राफाइट टाकून पाहू. भट्टीपाशी तेल जळून जातं, तिथं आम्ही तेच वापरतो."

त्यांनी पितळेच्या नव्या बुशी, म्हणजे पिन ज्यांत फिरते ती नळकांडी, केल्या, आतून बारीक खाचा पाडल्या आणि त्यांत ग्राफाइटची भुकटी दाबून भरली. सांधा तेलाच्या सांध्याइतकाच हलका फिरला.

एवढ्यावर मी थांबले नाही. गच्चीवर सांधा एका छोट्या मोटरला जोडला आणि रोज सकाळी तो किती ताकदीने ओढला की हलतो हे ताणकाट्यावर मोजून वहीत लिहू लागले. मार्चपासून जुलैपर्यंत, परीक्षेच्या दिवसांतही, हे चाललं. बाबा पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात होते. ते एकदा गच्चीवर आले.

"कनिष्ठ अभियंत्याची जाहिरात आल्ती परवा. फॉर्म भरला का?"

"भरते."

"आन् हे कशासाठी करून राह्यली तू?"

मी म्हणाले, अंतराळात काम करणाऱ्या रोबॉटवर मला संशोधन करायचं आहे. हे मी मोठ्याने पहिल्यांदाच बोलले होते.

त्यांनी जरा विचार केला. "त्याची जाहिरात कुठं येते?"

हा टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मलाही ते माहीत नव्हतं.

ऑगस्टमध्ये मी सगळ्या नोंदी व्यवस्थित उतरवून त्या शास्त्रज्ञांना पाठवल्या. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. ग्राफाइट गुळगुळीत असतं ते हवेतल्या ओलाव्यामुळे, ओलावा नसेल तर ते झिजतं आणि घासतं, तेव्हा तुमच्या कामासाठी ते निरुपयोगी आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: "मे महिन्यातले आकडे पुन्हा पाहा."

मी वही काढली. मे महिन्यात, जालन्याची हवा पार कोरडी असताना, सांधा ओढायला जास्त जोर लागला होता. जूनच्या मध्यापासून पुन्हा कमी. त्या आकड्यांभोवती मीच पेन्सिलीने गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'काटा बिघडला असावा.' मला वाईट वाटलं ते प्रयोग फसल्याचं नाही. उत्तर तीन महिने माझ्याच अक्षरात वहीत होतं आणि मी काट्याला दोष देऊन मोकळी झाले होते.

मिस्त्रींना पोस्टकार्ड वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बराबर हाय. उन्हाळ्यात कुलपं बी कुरकुरतेत. आपण काय म्हणतो, धूळ गेली."

त्या शास्त्रज्ञांच्याच शिफारशीने मला हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत सहा महिने उमेदवारी मिळाली. तिथे निर्वात पेटी होती. पहिल्याच महिन्यात मी माझा ग्राफाइटच्या बुशीचा सांधा मोटरसकट तिच्यात ठेवून पाहिला. काचेतून दिसत होतं: सांधा थोडा वेळ नीट फिरला, मग अडखळू लागला, आणि दुपारपर्यंत थांबला. बुशीभोवती काळी पूड पडली होती. त्यानंतरचे पाच महिने मी दुसऱ्या कोरड्या लेपांवर काम केलं, आणि पेटी, पंप, झडपा यांचं सगळं तंत्र शिकले.

पुढे एका संशोधन संस्थेच्या मुलाखतीला गेले. रोबॉटविषयी विचारलं तेव्हा माझी उत्तरं बेताची होती. सांध्यांविषयी मी बरीच बोलले. निवड झाली नाही. कनिष्ठ अभियंत्याचा फॉर्म मी भरला होता, पण परीक्षेला बसले नाही. बाबा रागावले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं, एम. टेक.ला प्रवेश कधी सुरू होतात.

एम. टेक. झाल्यावर बंगळूरला एका कंपनीत लागले. उपग्रहांच्या सौरपट्ट्या उघडणाऱ्या बिजागऱ्या तिथे होतात. यांत्रिक हात मी त्यानंतर कधी केला नाही. सुरुवातीला एक-दोन वर्षं त्याची खंत होती. नंतर बिजागऱ्यांमध्येच इतके प्रश्न निघाले की ती मागे पडली.

एकदा सुट्टीत घरी आले असताना आईने विचारलं, तू नेमकं करतेस काय. ती मेथी निवडत होती. मी सांगितलं की आमची बिजागरी वर गेल्यावर एकदा उघडते.

"एकदाच?"

"एकदाच."

"आणि त्याला किती दिवस लागतात करायला?"

"ही जी आता चालू आहे तिला तीन वर्षं झाली."

"आणि नाही उघडली तर?"

"तर मग दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही."

आईने हातातली काडी बाजूला टाकली. मग तिने एक जुडी माझ्याकडे सरकवली आणि आम्ही दोघी निवडत बसलो.